गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीनंतरही पुन्हा 'प्रोटेक्ट'मध्ये जातोय? ट्रान्झिस्टर बदलण्याआधी हे तपासा

गाणं चालू असताना बेस एकदम तुटतो. अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो, म्हणजे अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला 'प्रोटेक्ट'मध्ये बंद होतो. स्टिरिओ बंद करून पुन्हा सुरू केला की थोडा वेळ ठीक चालतं, मग पुन्हा तेच. दुकानात दिला की 'आउटपुट गेलंय' असं सांगून ट्रान्झिस्टर बदलून मिळतात, काही आठवडे बरे जातात आणि लाल दिवा परत येतो. ज्यांचा अ‍ॅम्प असा फिरून फिरून बिघडतो त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जळालेला ट्रान्झिस्टर हा बहुतेक वेळा बिघाडाचा परिणाम असतो. मूळ कारण वायरीत, अर्थमध्ये, स्पीकरमध्ये किंवा हीटसिंकवरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावरच्या) मायक्याच्या चकतीत लपलेलं असतं. ते हाती लागेपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापवू नये.

साहित्य फार लागत नाही. डायोड रेंज असलेला डिजिटल मल्टिमीटर, ६० वॅटचा आयर्न, सोल्डर ओढणारी तांब्याची जाळी, गाडीचा जुना एच-४ हॅलोजन बल्ब आणि टेबलावर १२ व्होल्ट देणारं काहीतरी एवढं पुरतं. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किंवा जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय चालतो. बॅटरी चार्जर मात्र सप्लाय म्हणून वापरू नका. साध्या चार्जरमधून येणारं व्होल्टेज गुळगुळीत नसतं, लाटांसारखं वरखाली होतं, आणि त्यावर घेतलेली कुठलीच मोजणी भरवशाची राहत नाही.

सुरुवात गाडीतून

अ‍ॅम्प काढून टेबलावर आणायची घाई नको. निम्म्याहून जास्त उत्तरं गाडीतच मिळतात आणि एकदा अ‍ॅम्प सोडवला की ती हातातून जातात.

आधी लाल दिवा नक्की कधी लागतो ते बघा. स्टिरिओ चालू करताक्षणी लागत असेल तर आत शॉर्ट आहे किंवा स्पीकरची वायर बॉडीला टेकली आहे. आवाज वाढवल्यावर, बेसच्या ठोक्याला लागत असेल तर व्होल्टेज पडतंय किंवा लोडचे, म्हणजे जोडलेल्या स्पीकरचे, ओहम कमी आहेत. अर्ध्या तासाने लागत असेल तर उष्णता. खड्ड्यातून गेल्यावर लागत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. हे नीट पाहिलं तर पुढचं निम्मं काम वाचतं.

मग व्होल्टेज. अ‍ॅम्पवर तीन मुख्य टर्मिनल असतात: बॅटरीचं प्लस, ग्राउंड आणि रिमोट (स्टिरिओकडून अ‍ॅम्प चालू करणारी वायर). इंजिन बंद असताना प्लस आणि ग्राउंडमध्ये १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. रिमोटवर स्टिरिओ चालू असतानाच १२ व्होल्टच्या आसपास यावेत. पण गाणं बंद ठेवून घेतलेली ही मोजणी अपुरी आहे. चांगल्यापैकी करंट वाहत असताना वायर किती व्होल्ट खाते, हे कळलं पाहिजे.

त्यासाठी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खांबावर आणि दुसरी अ‍ॅम्पच्या प्लस टर्मिनलवर लावा. बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प डिकीत असतो, म्हणून एखादी लांब बारीक वायर प्रोबला जोडून घ्यावी लागते. आता बेस असलेलं गाणं नेहमीच्या आवाजात लावा. मीटरवर दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खर्च होताहेत. मग हेच बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पच्या ग्राउंडपर्यंत करा. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असावी. एक-दीड व्होल्ट दिसले तर अ‍ॅम्पमध्ये काही शोधण्याआधी वायरिंग बदला.

थोडा हिशेब करून बघू. ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग ५०० वॅट देणारा) क्लास डी, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होत चालणारा अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षमतेने चालतो असं धरलं तर बॅटरीकडून ६२५ वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर साधारण ४५ अँपिअर. शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरीचा रोध मीटरला सुमारे २ मिलिओहम असतो. पाच मीटर वायर टाकली तर १० मिलिओहम, आणि ४५ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट एकट्या प्लसच्या वायरीत जातो. त्याहून जाड ४ गेज घेतली तर हा तोटा ०.२ व्होल्टच्या आत येतो. आपल्याकडे स्वस्त वायरिंग किटमध्ये मिळणारी जाड, रंगीत, पारदर्शक वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा साठ-पासष्ट टक्क्यांनी जास्त असतो. वायरीची एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही. किटवर छापलेल्या वॅटच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

अर्थबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. अर्थची वायर प्लसएवढीच जाड हवी, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी, आणि जिथे बोल्ट बसवला तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केलेला असावा. सीट बेल्टच्या बोल्टवर अर्थ अजिबात घेऊ नका, तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डिकीतला पत्रा ओला राहतो, वायरीच्या टोकाला बसवलेल्या थिंबलखाली गंज धरतो आणि तांब्यावर हिरवट थर येतो. वरून जोड घट्ट दिसतो, आत संपर्क गेलेला असतो. अर्थ कमजोर झाला की अ‍ॅम्पचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती त्याला आरसीए केबलच्या (स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पला नेणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीत सापडते. ती जाळी स्टिरिओच्या नाजूक ग्राउंडला जोडलेली असते. म्हणून अर्थ खराब असलेल्या गाड्यांत आधी इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, मग स्टिरिओच्या आतला आरसीएचा ग्राउंड जळतो. तो जळाल्यावर अर्थ सुधारला तरी शिट्टी जात नाही, आणि लोक अ‍ॅम्पला दोष देत बसतात.

सीटखाली काम करताना पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, मल्टिमीटर तर लावूच नका. ते एअरबॅगचे असतात.

स्पीकर सोडवून बघा

स्टिरिओ बंद करा. अ‍ॅम्पच्या आरसीए आणि स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा. फक्त प्लस, ग्राउंड, रिमोट ठेवून चालू करा. लाल दिवा गेला तर अ‍ॅम्प बहुधा शाबूत आहे आणि दोष बाहेर आहे. मग एकेक वायर जोडत जा, दिवा कोणत्या वायरीला लागतो ते कळेल. दर वेळी जोडण्याआधी स्टिरिओ बंद करायला विसरू नका.

स्पीकरच्या सुट्या वायरींवर मल्टिमीटर लावला तर ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो, हे बरोबर आहे. एक-दीड ओहम दिसला तर कॉइल जळून आतल्या आत टेकली आहे, किंवा दोन स्पीकर समांतर जोडलेत. ४ ओहमचे दोन समांतर म्हणजे २ ओहम. अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडून एका स्पीकरला वापरत असाल तर बहुतेक चार चॅनेलच्या अ‍ॅम्पना ४ ओहमपेक्षा कमी चालत नाही. २ ओहमचा सबवूफर ब्रिजवर लावला की अ‍ॅम्प काही दिवस सोसतो आणि मग आउटपुट जातं. दुकानदार आउटपुट बदलतो, सबवूफर तोच राहतो, पुढचं आउटपुटही त्याच वाटेने जातं.

यानंतर प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी मल्टिमीटरच्या बीपच्या रेंजवर गाडीच्या पत्र्याशी तपासा. बीप अजिबात वाजता कामा नये. ही तपासणी दरवाजे उघडझाप करत करा. एका ओळखीच्यांच्या हॅचबॅकमध्ये मागच्या डाव्या चॅनेलचं आउटपुट दुरुस्तीनंतर परत परत जायचं. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरीचं इन्शुलेशन घासून गेलं होतं. दरवाजा बंद असताना सगळं ठीक, आणि अर्धा उघडला की तांबं पत्र्याला टेकायचं. गाणं चालू ठेवून कोणी मागून उतरलं की चॅनेल शॉर्ट. दोन इंच वायर बदलून, वर स्लीव्ह चढवून तो प्रश्न कायमचा मिटला.

आता अ‍ॅम्प टेबलावर

इथवर सगळं नीट निघालं आणि नुसत्या तीन वायरींवरही लाल दिवा राहिला, किंवा फ्यूज उडतोय, तर मगच खोला. गाडीतून काढताना बॅटरीचं मायनस आधी सोडवा. हातातली अंगठी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरी शॉर्ट झाली तर अंगठी लाल होते.

आतली रचना थोडक्यात. अर्धा बोर्ड सप्लायचा असतो: १२ व्होल्टचे प्लस-मायनस २५ ते ४० व्होल्ट करणारा. त्यात चालू-बंदची लय देणारी एक पीडब्ल्यूएम चिप, मॉसफेटच्या (स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) दोन रांगा, गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मर आणि जलद डायोड. उरलेला अर्धा ऑडिओचा, ज्यात आउटपुट ट्रान्झिस्टर. मोठे कॅपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहू शकतात, त्यांच्यावर १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरून ते रिकामे करा.

डोळे आणि नाक वापरा. काळा पडलेला रेझिस्टर, फुगलेला कॅपॅसिटर, टर्मिनलच्या मुळाशी सोल्डरला गेलेली गोल चीर. गाडीतल्या हादऱ्यांनी ही चीर फार पडते, विशेषतः आरसीए जॅकपाशी. मोठे कॅपॅसिटर चिकटवायला वापरलेला पिवळा गोंद जुना होऊन गडद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा. तो उष्णतेने विद्युतवाहक होतो आणि शेजारच्या पायांना गंज चढवतो.

फ्यूज उडण्याच्या वेळेवरून शॉर्ट कोणत्या बाजूला आहे ते ओळखता येतं. रिमोट न देताच, नुसतं प्लस जोडल्यावर फ्यूज उडत असेल तर सप्लायचे मॉसफेट शॉर्ट आहेत, किंवा उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड गेला आहे. रिमोट दिल्यावरच उडत असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, आउटपुट किंवा डायोडमध्ये असण्याची शक्यता जास्त.

मॉसफेट म्हणून बहुतेक स्वस्त अ‍ॅम्पमध्ये आयआरएफझेड ४४ किंवा आयआरएफ ३२०५ असतात. लिहिलेली बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. डायोड रेंजवर लाल प्रोब सोर्सला आणि काळी ड्रेनला लावली की ०.४ ते ०.६ दिसतं, उलट लावल्यावर काही दिसू नये. दोन्हीकडून शून्याजवळ दिसलं तर शॉर्ट. हे मॉसफेट समांतर असतात, त्यामुळे एक गेला की रांगच्या रांग शॉर्ट दाखवते. नेमका कोणता ते शोधायला प्रत्येकाच्या गेटचा छोटा रेझिस्टर मोजा. ज्याचा रेझिस्टर जळालाय किंवा उघडा पडलाय तो आधी उचला. आउटपुटला २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ची जोडी असेल तर कलेक्टर-एमिटरमध्ये शॉर्ट आहे का ते बघा, आणि एमिटरचे ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर उघडे पडलेत का तेही बघा. एक गेला की बहुधा दुसरा सोबत गेलेला असतो.

नवे मॉसफेट लावण्याआधी

परत परत येणाऱ्या बिघाडाचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. मॉसफेट शॉर्ट होताना ड्रेनचं व्होल्टेज गेटमधून मागे शिरतं आणि त्याला चालवणारा छोटा ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही मारतं. वरून तो धडधाकट दिसतो. दुकानात मोठे मॉसफेट बदलले जातात, ड्रायव्हर तसाच राहतो. नवे मॉसफेट अर्धवट उघडतात, तापतात, आणि काही आठवड्यांत जातात.

म्हणून जुने काढल्यावर, नवे लावण्याआधी, रिकाम्या बोर्डाला प्लस, ग्राउंड आणि रिमोट द्या. चिप बहुतेक वेळा टीएल ४९४ किंवा तिचीच भावंडं असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप जुनी, आणि आजही बरेच अ‍ॅम्प तिच्यावर चालतात. तिच्या १२ नंबरच्या पायावर बॅटरीचं व्होल्टेज, १४ वर बरोबर ५ व्होल्ट असावेत. ४ नंबरचा पाय शून्याच्या आसपास असेल तर चिप काम करते आहे, ३ व्होल्टच्या वर असेल तर प्रोटेक्शननेच तिला थांबवलंय. ९ आणि १० या पायांवर मल्टिमीटर डीसीवर सरासरी ४ ते ५ व्होल्ट दाखवतो, दोन्हीकडे जवळपास सारखे. आता हेच व्होल्टेज दोन्ही रांगांच्या रिकाम्या गेट-पॅडवर पोचतंय का बघा. एका रांगेत ४.५ आणि दुसरीत शून्य किंवा सलग ११ आले तर ड्रायव्हर गेला आहे. तो बदला आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्यावरच मॉसफेट लावा.

मॉसफेट बदलताना दोन्ही रांगा पूर्ण बदला, एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या. चारपैकी एकच नवा लावला तर करंट सारखा वाटला जात नाही आणि कोणावर तरी भार पडतो. गेटचे रेझिस्टरही नवे टाका, काही रुपयांचे असतात. डायोड बदलायचे असतील तर जलद रिकव्हरीचेच घ्या, एमयूआर १६२० सारखे. सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, तिथे साधा १एन ५४०८ लावला तर तो हात लावता येणार नाही इतका तापतो.

नकली मालाचा प्रश्न खरा आहे, ५२००-१९४३ च्या जोडीत सर्वात जास्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अस्सल मालही मिळतो आणि खोटाही, शेजारशेजारच्या दुकानांत. बोलीभावात सर्वात स्वस्त पडलेली जोडी घेऊ नका. मॉसफेटची एक घरगुती परीक्षा आहे: मल्टिमीटरच्या कॅपॅसिटर रेंजवर गेट आणि सोर्समधली कपॅसिटी मोजा. अस्सल ३२०५ ची इनपुट कपॅसिटी डेटाशीटप्रमाणे सुमारे ३.२ नॅनोफॅरड आहे, आणि आपण ड्रेनवर व्होल्टेज न देता मोजतो म्हणून आकडा त्याहून थोडा जास्तच यायला हवा. एक-दीड नॅनोफॅरड आला तर आत छोटी चिप बसवली आहे.

जुने पार्ट काढताना पाय कापून टाका आणि मग एकेक पाय तापवून ओढा. पूर्ण पार्ट एकदम उपटायला गेलात तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. बोर्ड जळून काळा झाला असेल तर तो कोळसा खरवडून काढावाच लागतो, कारण कोळशातून करंट वाहतो.

मायका, क्लॅम्प आणि बल्ब

मॉसफेटचा मागचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून तो आणि हीटसिंक यांच्यात मायका किंवा सिलिकॉनची चकती लागते. जुनी मायका चिरली असेल, किंवा हीटसिंकवर एखादं टोक वर आलं असेल, तर चकती छेदली जाते आणि तो शॉर्ट कधी गरम झाल्यावर तर कधी हादऱ्याने येतो. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने साफ करा, थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, क्लॅम्पचे सगळे स्क्रू सारखे आवळा. मग प्रत्येक पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटरने तपासा, काहीही दिसू नये. हीटसिंकला घट्ट न लावता अ‍ॅम्प चालू करून बघण्याचा मोह टाळा. काही सेकंदांत नवे पार्ट जातात.

पहिल्यांदा चालू करताना प्लसच्या वायरीत तो एच-४ बल्ब सिरीजमध्ये घाला. ५५ वॅटची वात साधारण साडेचार अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे आत शॉर्ट राहिला असला तरी नुकसान होत नाही. रिमोट दिल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कॅपॅसिटर भरले आणि सगळं ठीक आहे. बल्ब तसाच प्रखर राहिला तर बंद करा आणि पुन्हा शोधा. मंद झाल्यावर दोन्ही रेल, म्हणजे सप्लायने बनवलेली प्लस आणि मायनस व्होल्टेज, मोजा: प्लस आणि मायनस जवळपास समान हव्यात. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका, कॉइल जळेल. त्यानंतर बल्ब काढून लहान फ्यूज घाला, अर्धा तास बिनआवाजाचा चालू ठेवा आणि हीटसिंकवर हात फिरवा. एकाच जागी चटका बसत असेल तर तिथला पार्ट किंवा त्याची चकती संशयास्पद आहे.

छोट्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या) पार्टचा, अनेक थरांच्या बोर्डाचा क्लास डी अ‍ॅम्प असेल आणि गेट ड्रायव्हरची चिप फुटली असेल, तर घरच्या आयर्नने त्याच्या मागे लागू नका. हॉट एअर आणि ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाकडे द्या, आणि त्याला वर सांगितलेल्या गाडीतल्या मोजण्या लिहून द्या.

गाडीत परत बसवताना

अ‍ॅम्प गालिच्याखाली किंवा डिकीच्या छताला उलटा टांगू नका. विदर्भातल्या मे महिन्यात बंद उभ्या गाडीची डिकी आधीच भाजून निघालेली असते, त्यात हवा फिरली नाही तर अर्ध्या तासाने लाल दिवा लागणारच, आणि तो बिघाड नसतो. हीटसिंकच्या पात्या उभ्या राहतील असा बसवला तर गरम हवा वर जाते. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवा, आणि तो वायरीच्या क्षमतेएवढा, उडतो म्हणून मोठा घातलेला नको.

शेवटी गेन. हे बटण आवाजाचं नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवण्याचं आहे. बेस बूस्ट शून्यावर आणा, स्पीकर काढा, स्टिरिओचा आवाज पाऊणपट ठेवा, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. किती हवेत ते सोपं आहे: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १०० वॅट ४ ओहमसाठी २० व्होल्ट. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत तिथे थांबा. मग स्पीकर जोडून नेहमीच्या आवाजात गाणं लावा, आणि सुरुवातीला केलेली प्लस-ग्राउंडची व्होल्टेज-घटीची मोजणी नव्या जोडांवर पुन्हा एकदा करा. बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत आली की डिकीचा गालिचा परत लावायला हरकत नाही.